हाताच्या कातडीची जीभ चव घेईल का?

प्रश्न : माझे यजमान ४७ वर्षांचे आहेत. इंदूरमधील एका नमकीनच्या कारखान्यात ते मसाला आणि तळणीचे काम पाहतात. कढईतून निघालेला प्रत्येक घाणा चाखून पास करणे हीच गेली २२ वर्षे त्यांची नोकरी आहे. जिभेच्या डाव्या कडेवरचा व्रण तीन महिने बरा होईना. टोचणारा दात घासून झाला, जीवनसत्त्वांच्या गोळ्या झाल्या आणि शेवटी बायोप्सीत कर्करोग निघाला. एमआरआयमध्ये गाठ ३ सेंटिमीटर लांब आणि ९ मिलिमीटर खोल आहे; मानेत काही दिसत नाही. जिभेचा पुढचा डावा अर्धा भाग काढावा लागेल, मानेच्या गाठी काढाव्या लागतील आणि डाव्या हाताची कातडी घेऊन नवी जीभ करू, असे सर्जन म्हणतात. हाताच्या कातडीची जीभ बोलेल का, जेवेल का, चव घेईल का? माझ्या जिभेचा तुकडा त्यांना लावता येत असेल तर मी द्यायला तयार आहे. सासूबाई म्हणतात की चाकू लागला की हा रोग पसरतो. थोरल्या दिरांनी यजमानांना फक्त ‘साधी गाठ आहे’ एवढेच सांगितले आहे आणि आम्हा सगळ्यांना गप्प राहायला सांगितले आहे. कारखान्याचे मालक म्हणतात, दिवाळीचा हंगाम होऊ द्या, मग ऑपरेशन करा. गुटखा त्यांनी मागेच सोडला. आता फक्त सुपारी आहे. काय करावे ते सुचत नाही. — एक भगिनी, इंदूर

उत्तर : ताई, मालकांचे म्हणणे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे, पण मी ते आधी घेतो, कारण त्या उत्तराला मुदत आहे. दिवाळीपर्यंत थांबू नका. जिभेच्या कर्करोगात व्रण किती रुंद आहे यापेक्षाही तो किती खोल गेला आहे याला अधिक महत्त्व असते, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत त्यासाठी ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर अशा दोन सीमा आखलेल्या आहेत. तुमच्या यजमानांची गाठ ९ मिलिमीटरवर, म्हणजे दुसऱ्या सीमेच्या अगदी अलीकडे उभी आहे. ती ओलांडली गेली तर आजाराची पायरी बदलते आणि त्याबरोबर काढावा लागणारा भाग, पुढचे उपचार आणि उरणारी जीभ हे सगळेच बदलते. दोन महिन्यांचा हंगाम मालकांना मोठा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या हिशेबात तो फार महाग पडेल.

दुसरे मत घ्यायचे असेल तर अवश्य घ्या. अवंतिका एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवून येणारी कितीतरी इंदुरी कुटुंबे मी पाहिली आहेत. जाताना बायोप्सीचा नुसता अहवाल नेऊ नका; काचपट्ट्या आणि तपासलेला तुकडा ठेवलेला मेणाचा ठोकळाही मागून घ्या, म्हणजे तेथे पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. मात्र येथे मिळालेली ऑपरेशनची तारीख त्यासाठी सोडून देऊ नका.

सासूबाईंची भीती खोटी असली तरी ती कोठून आली हे मला ठाऊक आहे. पूर्वी रोगी फार उशिरा येत, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत रोग पुन्हा उलटे आणि पाहणाऱ्यांच्या मनात चाकू आणि रोगाचे पसरणे यांची सांगड बसे. वस्तुतः जिभेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया हाच पहिला आणि मुख्य उपचार आहे, आणि बायोप्सीने किंवा नीट केलेल्या शस्त्रक्रियेने तो पसरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तीन सेंटिमीटरच्या गाठीसाठी अर्धी जीभ का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ते मनात असणारच. गाठीच्या चारी बाजूंनी आणि खालूनही सुमारे एक सेंटिमीटर निरोगी दिसणारा भाग सोबत काढावा लागतो, कारण जिभेच्या स्नायूंच्या तंतूंतून रोगाच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या पुढे गेलेल्या असू शकतात. ३ सेंटिमीटरला हा हिशेब लावला की पुढच्या जिभेची जवळजवळ एक बाजू जाते. मानेत काही दिसत नसताना तेथील गाठी, म्हणजे रोग पसरलाच तर आधी जेथे पोहोचतो त्या लसीकाग्रंथी, का काढायच्या, याचे उत्तर तर आपल्याच देशातून मिळाले आहे. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानेच्या गाठी सुरुवातीलाच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर जिवंत होते, तर गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत त्यानंतर जगभरचे सर्जन याच वाटेने जाऊ लागले.

‘नवी जीभ’ हा शब्द सर्जन सोयीसाठी वापरतात. मीही निवृत्त होईपर्यंत वापरला, आणि आता वाटते की त्यामुळे घरच्यांच्या अपेक्षा चुकीच्या जागी जाऊन बसतात. जीभ म्हणजे एकमेकांत विणलेल्या आठ जोड्या स्नायूंचा गोळा आहे. त्याला हाड नाही, आणि हाडाच्या आधाराशिवाय तो लांब होतो, वळतो, पन्हळीसारखा होतो, टाळूवर दाबला जातो. हाताची कातडी यांतले काहीही करणार नाही. ती हलणार नाही, तिच्यावर चव घेणाऱ्या कळ्या येणार नाहीत आणि तोंडात वर्षानुवर्षे राहिली तरी ती कातडीच राहील. मग ती लावायची कशासाठी? अर्धी जीभ काढून उरलेला भाग तसाच शिवून टाकला, तर तो खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला ओढला जातो आणि व्रण भरताना आणखी आखडतो. दोरीने खुंटीला बांधलेल्या जनावरासारखी त्या अर्ध्या जिभेची गत होते. ताकद असते, पण जाता येत नाही. हाताची पातळ, लवचीक कातडी मधली जागा भरते, जिभेखालचा खळगा मोकळा ठेवते आणि उजव्या अर्ध्या जिभेला वळायला, वर जायला, दातांपर्यंत पोहोचायला वाव देते. बोलणे आणि गिळणे ती उजवी बाजूच करणार आहे. म्हणून सर्जनना ‘नवी जीभ कशी होईल’ असे न विचारता ‘उजवी बाजू आणि जिभेचे मूळ किती राहील, आणि उजव्या बाजूची चेतना शाबूत राहील का’ असे विचारा. तुमच्या यजमानांचे मूळ वाचत असेल तर अर्धी लढाई तेथेच जिंकलेली आहे. संपूर्ण जीभ काढावी लागलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी असते. तेथे मांडीचा किंवा छातीचा जाड भाग बसवून टाळूला टेकेल इतका उंचवटा करावा लागतो, आणि अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका पुष्कळ काळ राहतो. शेजारपाजारी अशा कोणाची हकिगत ऐकून ती यजमानांना लावू नका.

हाताचीच कातडी का, तर ती पातळ असते आणि मनगटाकडे अंगठ्याच्या बाजूने जाणारी धमनी तिला रक्त पुरवते. ही धमनी लांब, सरळ आणि जोडण्याजोगी जाड असते. चीनमधील सर्जनांनी १९७८ च्या सुमारास ही कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट उचलून दुसरीकडे लावायला सुरुवात केली, म्हणून जुने लोक तिला ‘चायनीज फ्लॅप’ म्हणत. (रक्तवाहिनीसकट उचललेल्या अशा तुकड्याला फ्लॅप म्हणतात.) तिची धमनी आणि शीर मानेतील वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्यांनी जोडतात. वाहिनीचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच असतो. एक पथक जीभ आणि मान पाहते, दुसरे हात, आणि सगळे मिळून आठ-दहा तास लागतात. तेवढा वेळ बाहेर बसण्याची तयारी ठेवा. वेळ लागला म्हणजे काही बिघडले, असे समजू नका. कातडीबरोबर हातातील एक संवेदनेची नस घेऊन ती जिभेच्या नसेला जोडता येते, त्यामुळे पुढे काही महिन्यांनी स्पर्श, थंड-गरम असे थोडेफार कळू लागते. सगळेच सर्जन ती जोडत नाहीत, तरी विचारायला हरकत नाही. छातीचा स्नायू खालून वर वळवून आणण्याची जुनी पद्धतही आहे. १९७९ मध्ये एरियन या अमेरिकन सर्जनने ती मांडली. तिच्यात सूक्ष्मदर्शक लागत नाही आणि ती भरवशाची आहे, पण अर्ध्या जिभेसाठी तो स्नायू फार जाड पडतो. काही कारणाने ऐन वेळी सर्जन तिकडे वळले, तर फसवणूक झाली असे मात्र समजू नका.

जोडलेल्या वाहिनीत रक्त गोठण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो. अनुभवी हातांत असे फ्लॅप शंभरात पंचाण्णवांच्या आसपास जगतात, पण जे जगत नाहीत त्यांतले काही वेळेवर लक्षात आले असते तर जगले असते. माझ्या उमेदीच्या काळात दुसऱ्या एका शहरातील रुग्णालयात पहाटे तीन वाजता सिस्टरांनी फ्लॅप निळसर पडल्याचे कळवले. मी धावत पोहोचलो, पण शस्त्रक्रियागृह उघडून भूल देणारे डॉक्टर येईपर्यंत सकाळचे साडेसात झाले. शिरेतील गुठळी काढली, वाहिनी पुन्हा जोडली, पण तोवर कातडी गेली होती. छातीचा स्नायू आणून ती जागा भरावी लागली आणि तो माणूस पुढे कायम जाड जिभेने बोलत राहिला. तेव्हापासून माझे मत असे आहे की रुग्णालय निवडताना इमारत पाहण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: रात्री दर तासाला फ्लॅप कोण पाहते, आणि तो निळा पडला तर किती वेळात रुग्ण पुन्हा टेबलावर जातो? ज्यांच्याकडे याचे उत्तर तयार असते त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तुमच्या जिभेचा तुकडा देण्याचे तुम्ही लिहिले आहे. ते वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवले होते. दुसऱ्या माणसाची जीभ लावण्याची शस्त्रक्रिया २००३ मध्ये व्हिएन्ना येथे झाली आहे, म्हणजे ती अशक्य नाही. पण ती जीभ मृत दात्याची होती, आणि परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. कर्करोग झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे रोगाला दार उघडून देणे होय. तेव्हा तो विचार सोडा. तुमची जीभ यजमानांच्या दुसऱ्याच कामी येणार आहे, ते पुढे सांगतो.

आता थोरल्या दिरांविषयी. त्यांचा हेतू वाईट नाही, हे मी मानतो. पण शस्त्रक्रियेनंतर काय होते ते त्यांना सांगा. जीभ आणि घसा सुजतो, म्हणून श्वासासाठी गळ्याला पुढून छिद्र करून नळी ठेवलेली असते, आणि ती असेपर्यंत आवाज निघत नाही. नाकातून पोटात दुसरी नळी असते. डाव्या हाताला मोठे बँडेज असते, मांडीवरची कातडी हातावर लावलेली असते आणि मानेवर टाके असतात. ‘साधी गाठ’ काढायला गेलेला माणूस अशा अवस्थेत शुद्धीवर येतो, तोंडात अनोळखी मांस लागते आणि कोणाला काही विचारताही येत नाही. फसवले गेल्याची जाणीव त्या क्षणी जेवढी खोल जाते तेवढी कर्करोग हा शब्द ऐकून जात नाही. मी हे एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. अशी माणसे पुढे व्यायाम करीत नाहीत, किरणोपचार मध्येच सोडतात, घरच्यांवरचा त्यांचा विश्वास उडतो. शिवाय संमतीपत्रावर सही त्यांनीच करायची आहे, आणि जीभ त्यांची आहे. सर्जनना सांगून वेळ घ्या, थोरल्या दिरांनाही बरोबर न्या आणि सांगण्याचे काम सर्जनना करू द्या. सगळे एकाच बैठकीत सांगायला हवे असे नाही. रोगाचे नाव, काय काढणार आणि पहिले आठ-दहा दिवस कसे असतील एवढे आधी पुरते. नळ्या तात्पुरत्या आहेत, हे मात्र त्याच बैठकीत सांगितले गेले पाहिजे. त्या दिवसांसाठी पाटी-पेन्सिल किंवा मोबाइलवर लिहिण्याची सवय आधीच करून ठेवा.

बोलण्याबद्दल आपल्याला बाहेरून काही शिकायला नको. लहानपणी पाठ केलेली वर्णमालाच पुरेशी आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम म्हणजे जीभ तोंडात कोठे टेकते याचाच नकाशा आहे. प, फ, ब, भ, म ओठांचे आहेत. त्यांना धक्का नाही. क, ख, ग जिभेच्या मागच्या भागाने होतात आणि मूळ राहणार असेल तर तेही बहुतांशी राहतील. अडचण येईल ती मधल्या तीन वर्गांत, आणि र, ल, स, श यांच्यात. ‘चाक’ आणि ‘चार’ या शब्दांतले दोन वेगळे च आपण सहज उच्चारतो, ते सुरुवातीला एकसारखे होतील. ट आणि त एकमेकांत मिसळतील. सर्वांत हट्टी निघेल तो ळ, कारण त्याच्यासाठी शेंडा मागे वळवून टाळूला लावावा लागतो. (तसे पाहिले तर इंदुरात वाढलेल्या आपल्या मुलांचा ळ कुठलीही शस्त्रक्रिया न होताच ल झालेला आहे, पण तो वेगळा विषय.) वाचा उपचारतज्ज्ञ येथे साहजिकच हिंदी शब्दांची यादी देतील आणि तिच्यात ळ नसेल. घरी तुम्ही समोर बसून नळ, बाळ, केळे, सकाळ असे शब्द स्वतः सावकाश म्हणायचे आणि त्यांनी तुमच्या तोंडाकडे पाहून म्हणायचे. तुमच्या जिभेचा उपयोग मी म्हणालो तो हा. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दहाच मिनिटे. अर्धी जीभ गेलेल्या आणि पातळ फ्लॅप लावलेल्या बहुतेक लोकांचे बोलणे काही महिन्यांत घरच्यांना आणि ओळखीच्यांना नीट समजू लागते. अनोळखी माणसाला आणि फोनवर थोडे पुन्हा सांगावे लागते. तरीही जीभ टाळूपर्यंत पोहोचत नसेल, तर दंतवैद्यांकडून टाळूला बसणारी एक कवळी करून घेता येते. ती टाळूच खाली आणते. ही सोय फार कमी लोकांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम लिहितो. आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा: वर्तमानपत्रातला एखादा उतारा, घरच्यांची नावे, ळ असलेले शब्द. नंतर तुलनेसाठी तो तज्ज्ञांना उपयोगी पडतो.

जेवणाचे असे आहे की घास चावून गोळा करणे आणि मागे ढकलणे ही दोन्ही कामे जीभ करते. डाव्या बाजूला आता ना ढकलणारे कोणी असेल, ना कळवणारे, त्यामुळे अन्न डाव्या गालात साचून राहील आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. नाकातली नळी बहुधा एक-दोन आठवडे राहते. ती काढण्याआधी तज्ज्ञ गिळण्याची तपासणी करतील. ती झाल्याशिवाय मायेपोटी चमचाभर पाणीसुद्धा देऊ नका, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. पुढे घास उजव्या बाजूला ठेवायचा, मान किंचित उजवीकडे झुकवायची, छोटा घास घ्यायचा आणि दोनदा गिळायचे. पण नेमकी पद्धत तुमच्या तज्ज्ञांनी दाखवलेलीच खरी. सुरुवातीला मुगाचे कढण, पेज, आंबील, दही घालून कालवलेला मऊ भात हे चालते. साबुदाण्याची खिचडी मऊ असली तरी चिकटते. पोहे कोरडे असतात, दाणे सुटतात आणि भलतीकडे जातात. शेव तर सर्वांत वाईट, कारण तिचा चुरा तोंडभर पसरतो आणि तो गोळा करायला पूर्ण जीभ लागते. इंदुरी माणसाला पोहे आणि शेव वर्ज्य करणे म्हणजे अर्धे शहर बंद केल्यासारखेच आहे, पण हे काही महिन्यांचे आहे. नंतर दह्यात भिजवून बरेच काही परत घेता येते.

काढलेल्या भागाचा अंतिम अहवाल आल्यावर किरणोपचार, ज्याला आपल्याकडे रुग्णालयात ‘सिकाई’ म्हणतात, लागतील की नाही ते ठरेल. लागले तर ते शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, आणि साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. त्यापूर्वी किडलेले दात काढून किंवा भरून घेणे आवश्यक आहे, कारण किरण दिलेल्या जबड्यातील दात नंतर काढला तर हाड न भरण्याचा धोका असतो. पैशांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी एक सांगतो. यजमानांच्या पगारातून ई.एस.आय.ची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर उपचार त्यातून होतात. नोकरीची अट पूर्ण असेल तर कर्करोगासारख्या दीर्घ आजारात सुमारे ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळण्याची तरतूदही तेथे आहे. ई.एस.आय. नसेल तर आयुष्मान कार्ड आहे का ते पाहा. त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

‘आता फक्त सुपारी आहे’ हे वाक्य मात्र मला खटकले. गुटखा सोडला हे उत्तम झाले. आपल्या मध्य प्रदेशाने त्याच्यावर २०१२ मध्येच बंदी घातली, आणि दुकानदारांनी पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकून तीही पचवली, ते असो. पण सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते आणि तोंड आतून आखडवते. आखडलेले तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसेल तर सर्जनना जीभ गाठणे कठीण होते, नंतर व्यायामही होत नाहीत. ती आजच बंद व्हावी.

राहिला चवीचा प्रश्न, जो यजमानांच्या दृष्टीने नोकरीचा प्रश्न आहे. शेंड्यावर गोड, मागे कडू असा जो नकाशा शाळेत शिकवला जात असे तो चुकीचा आहे. जिभेचा चव घेणारा प्रत्येक भाग सगळ्या चवी घेतो. डावा पुढचा भाग गेला तरी उजवी बाजू, जिभेचे मूळ आणि टाळू यांच्यावरच्या कळ्या काम करीत राहतात, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा नाकाने घेतलेल्या वासाचा असतो. त्यामुळे केवळ शस्त्रक्रियेने त्यांचे मीठ-आंबट ओळखणे संपणार नाही. किरणोपचार लागले तर त्या काळात चव जवळजवळ जाते, लाळ कमी होते, आणि चव परत यायला काही महिने लागतात; काहींची पूर्ण येत नाही. तिखटाचे गणित निराळे आहे. तिखट ही मुळात चव नाही, तो तोंडाच्या त्वचेला होणारा दाह आहे, आणि किरणांनी सोललेल्या तोंडाला रतलामी शेवेचा एक तुकडाही सहन होणार नाही. म्हणजे पुढील वर्षभर तरी प्रत्येक घाणा तोंडात घालून पास करणे त्यांना जमणार नाही असेच धरून चाला. त्यानंतर जमेल की नाही ते तोंड सांगेल.

मालकांना हे स्पष्ट सांगा, आणि त्याच वेळी त्यांच्या अडचणीवरचा तोडगाही सांगा. २२ वर्षांची मापे यजमानांच्या जिभेवर आहेत. कोठे लिहिलेली असतील असे मला वाटत नाही. त्यांना रोगाचे नाव कळले, तारीख ठरली, की मधले जे आठ-दहा दिवस असतील त्यांत त्यांनी एखाद्या जाणत्या कारागिराला शेजारी उभे करावे, लवंग, मिरी, ओवा, मीठ, तिखट यांची वजने काट्यावर घालून वहीत उतरवावीत, प्रत्येक घाणा दोघांनी चाखावा आणि त्याने काय म्हटले ते यांनी तपासावे. मोहनाचे तेल किती आणि कढईचे तापमान किती हेही त्यात आले पाहिजे. दिवाळीचा हंगाम त्या वहीवर निघेल. या दिवसांत डाव्या हातावर कोणालाही सुई टोचू देऊ नका, रक्त काढायचे असले तरी उजव्या हातातून काढायला सांगा. आणि ते जर डावखुरे असतील तर ही गोष्ट सर्जनना उद्याच कळवा, म्हणजे कातडी उजव्या हाताची घेता येईल.